मनीप्लांटची तहान

घरोघरी दिसणारा मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. तिथे तो झाडांवर चढतो, पावसात भिजतो. पण खोडाला बिलगलेल्या मुळांवरून पाणी लगेच ओघळून जातं. कुंडीत मात्र ते साचतं, मातीतली हवा कोंडते आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असूनही पानं मलूल होतात. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे रोपाच्या जिवावरच उठणं!

बोट दोन पेरं मातीत खुपसावं. कोरडं निघालं तरच पाणी द्यावं, तेही तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ताटलीत उतरलेलं पाणी ओतून टाकावं.

पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत रोज तांब्याभर पाण्याचा नेम मोडलेलाच बरा. मे महिन्यात विदर्भात मात्र हीच कुंडी दोन दिवसांत कोरडी पडू शकते.