विलायतेच्या मोठ्या शहरातले राहणे

(वर्धा जिल्ह्यातील कास्तकार व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वावरात कापसाची वेचणी चालू असता मास्तर लोकांनी विलायतेच्या गोष्टी सांगत बसावे, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु विलायत आता राजेरजवाडे आणि वकील-बॅरिस्टर यांच्यापुरती राहिलेली नाही. आपल्याच कुणबी, तेली, माळी, कोष्टी, बौद्ध घरांतील मुले व मुली लंडन, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स अशा शहरी शिकावयास जात आहेत. आमच्या शाळेत पाटीवर अक्षर गिरविलेली पोरेही त्यांत आहेत. पोर निघाले की गावात दोन तऱ्हेचे बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो, तिकडे पैशाचे झाड आहे, हलवले की पडतो. कोणी म्हणतो, तिकडे गेलेले पोर हातचे गेले. दोन्ही बोलणी ऐकीव. ऐकीव गोष्टीवर वावर गहाण टाकू नये. म्हणून तेथील राहण्याचा जमाखर्च आज आम्ही आपल्यापुढे मांडतो.

सगळ्याचे सार आधी सांगून टाकतो. त्या शहरांत जे एकट्याच्या मालकीचे असते ते फार महाग असते, आणि जे सर्वांच्या मालकीचे असते ते फार मोठे असते. डोक्यावरचे छप्पर महाग, वाचनालय फुकट. ही गोष्ट ज्यास उमगली तो तेथे टिकतो.

प्रथम हे ध्यानात घ्या की ती शहरे आपल्याला अगदीच परकी नाहीत. आपल्या जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावाने ओळखला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या मुलुखाकडे डोळे लावून बसल्या. आपल्या वावरातील बोंड बंडीतून निघे, मुंबईस जहाजात चढे, लिव्हरपूलच्या बंदरी उतरे आणि मँचेस्टरच्या चात्यांवर जाई. तेच बोंड कापड होऊन परत येई आणि आपल्या कोष्ट्याच्या मागाखालची पोटाची भाकर काढून घेई. त्या शहराच्या श्रीमंतीत आपल्या आजा-पणजांचा घाम मुरलेला आहे. तेव्हा तेथे जाणाऱ्या आपल्या पोराने मान खाली घालण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट. तेथील स्वच्छ रस्ते व घरोघरचे नळ पाहून आपली माणसे म्हणतात, गोऱ्यांची जातच टापटिपीची. हे खरे नव्हे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मँचेस्टरचा गिरणी कामगार ओलसर तळघरात बायकापोरांसह राहत असे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने माणसे पटापट मेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर फिरून मेलेल्यांची टिपणे केली आणि रोग ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्यातून येतो असे दाखविले. तेव्हा त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. १८५८ साली थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटात बसणे कठीण झाले. मग बॅझलजेट या इंजिनियराने शहराखाली मोठाली गटारे बांधली. स्वच्छता रक्तातून आली नाही; ती कर, कायदा आणि मोजमाप यांतून आली.

आता आपल्याकडे पाहा. तेथे १८५४ साली पाण्यात रोग आहे म्हणून पंप बंद झाला. येथे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे म्हणून हजारो माणसांस सत्याग्रह करावा लागला, आणि ते पाणी 'बाटले' म्हणून भटशाहीने त्याची शुद्धी केली. तेथल्या लोकांनी पाण्यातील घाण शोधली. येथल्यांनी माणसात घाण शोधली. त्या मुलुखाकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हे आहे. कोट-पाटलोण शिकण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही.

आता गरीब घरचा मनुष्य अशा शहरी कसा राहिला, त्याचा दाखला घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली अमेरिकेतून लंडनास गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा साठविला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनास गेले. उत्तर लंडनमधील किंग हेन्री रोडवरील १० नंबरच्या घरात १९२१-२२ च्या सुमारास ते राहत होते. पोटास पुरेसे मिळत नसे. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खात व पुन्हा वाचावयास बसत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. परंतु ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाला फी नव्हती. घुमटाखालच्या त्या गोल दालनात ते सकाळी दार उघडताना हजर असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. १९२१ साली एम्.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी, १९२३ साली डी.एस्सी. पोट अर्धे आणि पुस्तके पोटभर, असे ते राहणे होते.

पण या हिशोबाचे दुसरे पान बहुतेक जण उलटीत नाहीत. मुंबईस परळच्या चाळीत रमाबाई होत्या. लंडनची एक-एक पदवी त्यांच्या चुलीच्या काटकसरीतून निघाली. विलायतेला जातो एक, आणि उपास घरच्या सगळ्यांना घडतो. पोर पाठविण्यापूर्वी घरातील बायामाणसांस विचारल्याशिवाय बेत करू नये, हे आमचे सांगणे याच कारणासाठी आहे.

शाहू महाराजांचाही दाखला येथे घेतला पाहिजे. १९०२ साली ते सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेत गेले होते. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांस शेकडा ५० जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. तिकडचे वैभव पाहताना इकडची रयत त्यांच्या डोळ्यांआड झाली नाही.

आता आजचा आकड्यांचा हिशोब. पेन्सिल काढा. शिक्षणाचे सत्र चालू असता परदेशी विद्यार्थ्यास आठवड्यास २० तासच काम करण्याची मुभा असते. एप्रिल २०२५ मध्ये २१ व त्याहून अधिक वर्षांच्या माणसास तेथे कायद्याने ताशी किमान १२ पौंड २१ पेन्स मजुरी ठरली. म्हणजे आठवड्याचे २४४ पौंड, चार आठवड्यांचे सुमारे ९७७. एक पौंड म्हणजे शंभराहून अधिक रुपये. ऐकणाऱ्याचे डोळे दिपतात. परंतु लंडनमध्ये एका खोलीलाच महिन्यास हजार पौंडांच्या आसपास सहज लागतात. काबाडकष्ट केले, ते घरमालकाच्या खिशात गेले. अन्न, गाडीभाडे, गरम कपडे आणि विद्यापीठाची फी उरलीच. 'तिकडे काम करून फी भागवीन' असे जो पोरगा म्हणतो, त्याला हे गणित पाटीवर करावयास सांगा. मँचेस्टर, लीड्स येथे खोली लंडनहून स्वस्त पडते. पण फी मजुरीतून तेथेही निघत नाही.

म्हणूनच तेथील सरकार व्हिसा देताना फीखेरीज राहण्याचा पैसा दाखवा म्हणते. लंडनसाठी दरमहा सुमारे दीड हजार पौंड, असे नऊ महिन्यांचे. ही रक्कम विद्यार्थ्याच्या वा आईबापांच्या खात्यावर सलग २८ दिवस असावी लागते. येथेच एजंट नावाचा नवा भट उभा राहतो. जुना भट परलोकाचे तिकीट देई, हा परदेशाचे देतो. दक्षिणा दोघांचीही आगाऊ. तो म्हणतो, 'काका, २८ दिवसांपुरता पैसा मी व्याजाने मिळवून देतो.' दाखवावयाचा पैसा २८ दिवसांनी परत गेला, मग पोराने तिकडे खावे काय? आणि खोटे कागद उघडकीस आले तर १० वर्षेपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. वावर जाते ते निराळेच.

पोर तेथे पोहोचल्यावरच्या चार गोष्टी सांगतो. डिसेंबरात लंडनला चार वाजण्याच्या आधीच सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. त्या अंधाऱ्या दिवसांत एकटे पोर खचते. शेजारी वर्षभर नाव विचारीत नाही. तो उद्धटपणा नव्हे, तेथील रीत आहे. पण गावकुसात वाढलेल्याला ती बोचते. फोनवर नुसते 'जेवलास का' विचारू नका, 'कोणाशी बोललास' हेही विचारा.

दवाखान्याचे असे आहे. विद्यार्थी व्हिसाबरोबरच आरोग्याचा आकार भरून घेतात. २०२४ पासून तो वर्षास ७७६ पौंड आहे. तो भरल्यावर जवळच्या डॉक्टराकडे नाव नोंदवावे. मग तपासणीचे पैसे पडत नाहीत. मात्र इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीस व दातांच्या डॉक्टरास ठराविक पैसे द्यावे लागतात. आजारी पडल्यावर नाव नोंदवू म्हणणे हे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. भाड्याच्या घराची अनामत इंग्लंडात साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, असा २०१९ चा कायदा आहे. आणि नेहमीच्या भाडेकराराची अनामत घरमालकाने सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. हे हक्क आपल्या पोरांस ठाऊक नसतात, म्हणून ती नाडली जातात. आणि नाडणारा कित्येकदा आपल्याच देशचा असतो.

जात समुद्रात बुडत नाही, हेही सांगून ठेवतो. ती बोचक्यात बांधून नेणारे लोक आहेत. तिकडच्या आपल्या लोकांत आडनाव, गाव विचारून माणसाचा कयास बांधणारे भेटतात. समतेच्या २०१० च्या कायद्यात जातीचा उल्लेख यावा असे पार्लमेंटाने २०१३ साली ठरविले. परंतु २०१८ साली तेथील सरकारने ते मागे घेण्याचे जाहीर केले आणि न्यायालयाच्या निकालांवर भिस्त ठेवली. नळावर कोणी जात विचारणार नाही, ही त्या शहराची थोरवी. पण पंगतीत कोणी विचारली तर पोराने ताठ मानेने उत्तर द्यावे, इतकी हिंमत घरूनच देऊन पाठवावी.

मग पाठवावे की न पाठवावे? आमचे मत स्वच्छ आहे. पाठवावे, मुलीसही पाठवावे. पण सावकाराच्या पैशावर पाठवू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग, भटक्या व विमुक्त जमातींसाठीही निराळी योजना आहे. जागा थोड्या आहेत, उत्पन्नाची अट आहे, विद्यापीठ वरच्या क्रमांकाचे लागते. म्हणून तयारी पदवी झाल्यावर नव्हे, पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी. कागद वेळेवर काढावे आणि एजंटाच्या आधी समाजकल्याण कचेरीची पायरी चढावी.

शेवटी एकच. विलायतेत १८५० साली कायदा होऊन नगरपालिकांना कराच्या पैशातून वाचनालये काढण्याची वाट मोकळी झाली, आणि १८५२ साली गिरणी कामगारांच्या मँचेस्टरात फुकट वाचनालय उघडले. आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, पण त्यात वाचनालयासाठी स्वतंत्र कर ठेवलेला नाही. गावात देऊळ बांधावयाचे निघाले की एका आठवड्यात वर्गणी जमते. त्याच हातांनी एक खोली, दोन बाकडी, एक दिवा आणि शंभर पुस्तके जमवावी, असे आम्ही सुचवितो. लंडनला जाणारे पोर गावातून एखादेच निघेल. बाकीच्यांनी काय करावे? त्या शहरातील जी वस्तू गरिबाला सर्वांत उपयोगी पडली, ती येथे आणणे आपल्या हाती आहे. यंदाचा कापूस विकला म्हणजे घरटी एका दिवसाची मजुरी या कामास काढा. खोली शोधण्याचे, पुस्तके मांडण्याचे आणि रोज संध्याकाळी दार उघडण्याचे काम आम्ही मास्तर लोक करू.

इतके बोलून आपली रजा घेतो.