सहीच्या आधी



मी कवी आहे, वकील नाही. कायद्याचं पुस्तक हातात पडलं तरी मी ते शब्दांसाठी वाचतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा असाच वाचला. ज्याला वकील करण्याची ऐपत नाही, त्याला सरकारच्या खर्चाने वकील मिळावा म्हणून केलेला हा कायदा. तो प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या बाराव्या कलमात असा वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं. यादी वाचता वाचता मध्येच संकटांची एक ओळ लागते. पूर, दुष्काळ, भूकंप, वांशिक हिंसाचार, जातीय अत्याचार.

मला वाटलं, ही ओळ लिहिणाऱ्यासमोर सातारा आणि सांगलीचा नकाशाच पसरलेला होता की काय! पूर म्हणाल तर २००५, २०१९ आणि २०२१ सालची आमची कृष्णामाई. दुष्काळ म्हणाल तर माण-खटाव आणि जत-आटपाडी. भूकंप म्हणाल तर ११ डिसेंबर १९६७ ची कोयनानगरची पहाट. आणि हिंसाचाराबद्दल, २००९ ची मिरज आणि २०२३ ची पुसेसावळी ज्यांना आठवते, त्यांना मी वेगळं काय सांगायचं?

अशा माणसावर आलेल्या परिस्थितीला कायद्याने एक नाव दिलं आहे. आपल्या मराठीत सांगायचं तर, वाट्याला येऊ नये अशी ददात. कायद्याच्या पुस्तकात इतका मायेचा शब्द मी दुसरा पाहिलेला नाही.

जुना शब्द वेगळा होता. नादार. फारसीतून आलेला, 'ना' म्हणजे नाही आणि 'दार' म्हणजे बाळगणारा. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. वडिलांच्या पिढीत गरिबाचा मुलगा 'नादारीवर' शिकायचा, म्हणजे त्याची फी माफ असायची. कोर्टातही ज्याच्याकडे फी भरायला पैसे नाहीत, त्याचा तो नादारीतला दावा. नाहीतरी आपल्या कोर्टाची अर्धी भाषा अशी दूरवरून चालत आलेली आहे. वकील, फिर्याद, अर्ज, दावा, वारस, तारीख, हुकूम. गझलेत फिर्याद करतात ती आसमानाकडे, इथे ती करायची फौजदारापुढे, एवढाच फरक. पण या शब्दांची खरी गंमत अशी की म्हसवडचा मेंढपाळ आणि मिरजेचा तंतुवाद्याचा कारागीर, दोघेही ते आपल्या आजीकडून शिकलेले असतात. गाऱ्हाणं मांडायची भाषा सगळ्यांची एकच आहे. प्रश्न असतो तो ते कुणापुढे आणि कधी मांडायचं याचा.

त्यातल्या 'कधी'बद्दल मला आज बोलायचं आहे.

आपल्याकडे वकील मंडळी चांगली कामं करतात. वकिलांच्या संस्था, प्रतिष्ठानं रक्तदान शिबिर घेतात, गरीब मुलांना वह्या वाटतात, पूर आला की शिधा आणि चादरी घेऊन जातात. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण श्रोतेहो, वह्या वाटायला गावचा किराणा दुकानदारही असतो. तरुण मंडळं असतात, साखर कारखाने असतात. वकिलाकडे असं एक दान आहे जे गावात दुसऱ्या कुणाकडेच नाही. ते म्हणजे अर्धा तास आणि एक नीट लिहिलेला अर्ज.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ राहिली होती, तेव्हा घराघरांतून काय वाळत घातलेलं दिसत होतं? गाद्या, कपडे आणि कागद. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक, एखादं खरेदीखत. मदतीचा शिधा पंधरा दिवसांत संपतो. त्यानंतर माणसाला वेगळेच प्रश्न पडतात. घर अजून मेलेल्या आजोबांच्याच नावावर असेल तर मदत कुणाच्या खात्यावर जायची? भाडेकरूच्या भिजलेल्या शिलाई मशीनचं काय? पंचनाम्यात चूक झाली तर कुठे, किती दिवसांत सांगायचं? याला चादर उपयोगी पडत नाही. आणि बाराव्या कलमानुसार पूरग्रस्त माणूस मोफत वकिलाला पात्र आहे, हे पुराच्या पाण्यात कंबरभर उभ्या राहिलेल्या कितीजणांना ठाऊक होतं?

हे ठाऊक नसणं किती महाग पडतं, ते कोठडीच्या बाबतीत जास्त कळतं. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगली शहरात पोलीस कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. मृतदेह आंबोलीजवळ नेऊन जाळल्याचं उघडकीला आलं, आणि एका फौजदारासह पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. शहर पेटून उठलं, मोर्चे निघाले. त्या प्रकरणात न्यायालयाने काय करायचं ते न्यायालय करील. मला प्रश्न पडतो तो त्या पहिल्या रात्रीचा. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांची स्थिती पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवली होती. त्यावर १९८३ साली न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की, महाराष्ट्रात कुणाला अटक केली की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला लगेच कळवावं. पुढे १९८६ साली अरुणाचलातल्या एका प्रकरणात तर न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. कारण एवढंच, की 'तुला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो' हे त्या आरोपीला कुणी सांगितलंच नव्हतं. आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हे उत्तर चालणार नाही, असा त्याचा अर्थ. निकाल इतके चांगले आहेत. पण रात्री अकरा वाजता ठाण्याच्या बाकावर बसलेल्या पोराच्या आईला ते कोण सांगणार?

इथे कुणीतरी म्हणेल, अहो, आमच्या भागात वकिलाशिवायही न्याय झालेला आहे. खरं आहे. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मातीत चाललं. तेव्हा सातारा-सांगली असे दोन जिल्हे नव्हते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावात बसायची, जमिनीची, सावकारीची, भाऊबंदकीची भांडणं तिथल्या तिथे मिटवायची. ना मुद्रांक, ना वकील, ना तारखा. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ते ऐकताना अजून अंगावर काटा येतो. त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण पत्री हा शब्दही त्याच काळाने आपल्याला दिला. ज्याच्या तळपायावर शिक्षा व्हायची, त्याच्या बाजूने उभं राहून दोन शब्द बोलायला कुणी नेमलेला नसायचा. परक्या सत्तेशी लढताना ते निभावलं. आपल्याच राज्यात आपण तसं म्हणू शकत नाही.

आजच्या लोकअदालतीकडेही मी म्हणून थोडं सावधपणे पाहतो. तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, तिच्यावर अपील नसतं, वर्षानुवर्षांचं भांडण एका दुपारी मिटतं. उत्तम. पण लोकअदालत निवाडा करत नाही, दोन्ही बाजू राजी असतील तर तडजोड नोंदवते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलेलं आहे. संध्याकाळी किती हजार प्रकरणं निकाली निघाली याचा आकडा जाहीर होतो. त्यातल्या दुबळ्या बाजूला तडजोडीचा अर्थ कुणी नीट समजावला होता का, याचा आकडा नसतो. अपील नाही म्हणजे सही करण्याआधीच विचार करायला हवा.

या बाबतीत साताऱ्याला अभिमान वाटावा अशी एक वकील बाई आहे. वर्षा देशपांडे. त्यांनी १९९० साली दलित महिला विकास मंडळ सुरू केलं. पुढे त्यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांकडे गरोदर बायकांना पाठवून त्यांना रंगेहाथ पकडलं. १९९४ चा कायदा कपाटात पडून होता, तो त्यांनी बाहेर काढून वापरला. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. याच सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली होती. मी कवी असल्यामुळे मला ती घटना विसरता येत नाही. नकोशी मुलगी झाली म्हणून आईबापांनी ठेवलेलं ते नाव शाळेच्या दाखल्यावर आयुष्यभर राहायचं होतं. एका कागदाने ते बदललं. कागदात एवढी ताकद असते.

ती उलट्या दिशेनेही वापरता येते. हक्कसोडपत्र घ्या. वडील वारले की चाळीसाव्याला किंवा तेराव्याला, दुःख ताजं असतानाच, भाऊ एक कागद पुढे करतो. "ताई, एक सही लागते, नोंदीला अडलंय." आमच्या शरियतीत मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, विधवेला मुलं असतील तर आठवा. हिंदू घरांत महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हक्क दिला. धर्म वेगळे, कायदे वेगळे, पण कागद मात्र एकच आणि बहिणीचं उत्तरही एकच: "नको बाई हिस्सा, माहेर तुटेल." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती अंगठा किंवा सही करते. तो कागद ज्या वकिलाने केला त्याची फी भावाने दिलेली असते. तिच्या बाजूने त्या खोलीत कुणीच नसतं. कायदा सांगतो की मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अटच नाही. यादीतल्या इतर कुठल्याच गटात न बसणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे, बाईला ती नाही. प्रकरणात तथ्य हवं, एवढंच. साध्या कागदावर अर्ज करायचा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. फक्त सल्ला हवा असेल तर खटला असावाच लागतो असंही नाही.

'फुकटचा वकील काय लढणार' असं लोक म्हणतात. काही ठिकाणी ते खरंही असतं. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारं मानधन पाहिलं तर त्याच्याकडून फार मागणं अवघड वाटतं. म्हणूनच नामांकित, भरपूर काम असलेल्या वकिलांनी महिन्यातली दोन-चार प्रकरणं स्वतः घेतली पाहिजेत. वह्यावाटपाचा फोटो थोडा कमी येईल. आठवडे बाजाराच्या दिवशी जत, आटपाडी, म्हसवडसारख्या गावात एक टेबल टाकून बसलं तरी पुष्कळ होईल. बाजाराला आलेली बाई कोर्टाची पायरी चढायला घाबरते; भाजीच्या पाटीशेजारी बसलेल्या वकिलाला नाही घाबरणार.

मिरजेत माझ्या ओळखीतली एक बाई शिवणकाम करते. वडील गेल्यावर तिच्यापुढे असाच कागद आला. तिने तो वाचायला मागितला, एवढ्यानेच घरात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी तिला प्राधिकरणाच्या कार्यालयात नेलं. तिथल्या तरुण वकील मुलीने तो कागद तिला ओळीओळीने वाचून दाखवला. सही केलीस तर घरावर तुझं काय राहील, वारस नोंदीसाठी हक्क सोडावाच लागतो का, एकदा सोडलेला परत मिळवणं किती कठीण असतं. सही कर असंही म्हणाली नाही आणि करू नको असंही नाही. बाई कागद घडी घालून घरी घेऊन आली.

त्याला आता आठ महिने झाले. कागद तिच्या मशीनच्या खणात आहे. सही झालेली नाही. भाऊ बोलत नाही. ईदला मात्र त्याच्या घरून शिरखुर्मा आला होता, असं ती सांगत होती.