शेवटल्या तासाचे मजूर



लेंताच्या या व्याख्यानमालेत माझ्याकडे हेव्याचा विषय आला आहे. काइन आणि हाबेल, योसेफ आणि त्याचे भाऊ, शौल आणि दावीद, पवित्र शास्त्रात याची उदाहरणं जागोजागी आहेत. येशूला धरून दिलं ते हेव्यापोटी, हे पिलातानेही ओळखलं होतं. पण मला आज मत्तयाच्या २०व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात थांबायचं आहे. कारण तिथला हेवा दुष्टांचा नाही, दिवसभर इमानाने राबलेल्यांचा आहे.

मळ्याचा धनी पहाटे एका दिनारावर मजूर ठरवतो. दिनार म्हणजे तेव्हाची दिवसाची रोजी. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला तो पुन्हा बाजारात जातो. पाचला तिथे उभे असलेले आळशी होते असं कृपा करून समजू नका. आपल्याकडच्या मजूर नाक्यावर सकाळी जाऊन पाहा. मुकादम धट्टीकट्टी माणसं आधी उचलतो; म्हातारा, खोकणारा, हडकुळा मागे राहतो. दुपार टळली तरी तो हलत नाही, कारण रिकाम्या हाताने घरी जायचं कसं? कोणी कामाला लावलंच नाही, एवढंच हे मजूर धन्याला सांगतात. उन्हात उभं राहून दिवसभर नाकारलं जाण्याचेही कष्टच असतात.

संध्याकाळी मजुरीची वाटणी शेवटल्यांपासून सुरू होते. पहिल्यांना आधी दिलं असतं, तर दिनार कनवटीला लावून ते खुशीत घरी गेले असते. आता त्यांच्या तळहातावर ठरलेला दिनार आहे, त्यात काहीही कमी नाही. पण शेजारच्याच्या तळहाताकडे नजर गेली आणि तोच दिनार त्यांना तोकडा वाटू लागला. त्यांची तक्रार नीट ऐका. ठरल्यापेक्षा कमी दिलं असं ते म्हणत नाहीत. यांना आमच्या बरोबरीला आणलंत, हे त्यांना डाचतं.

आपल्या मंडळ्यांत हे मी पाहिलं आहे. आजोबांनी चर्चच्या भिंतीसाठी दगड वाहिले, म्हणून पुढचा बाक आमचा. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या बाईला प्रार्थना करायला सांगितलं की कुजबुज सुरू होते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं त्यांनी किती ओढाताणीत काढली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. मग कृपा त्यांच्या वाट्याला पाच वर्षांनी कमी आली का?

धन्याने तास मोजले नाहीत. पाचला आलेल्याच्या घरीही भाकरी पूर्णच लागते, हे त्याने पाहिलं. आपल्या हातून देवासाठी काहीच झालं नाही, असं मनात घेऊन इथे कोणी बसलं असेल, तर या धन्याने तुमच्यासाठी पुन्हा फेरी मारली आहे, हे लक्षात ठेवा. आणि ज्याच्या मनात हेवा आहे, त्यालाही मी धीरच देईन. कुरकुर करणाऱ्याला धनी हाकलत नाही. मित्र म्हणून हाक मारतो, समजावतो.

ही गोष्ट येशूने सांगितली ती, सर्वस्व सोडलं तर आम्हाला काय मिळणार, असं पेत्राने विचारल्यावर. ती सांगून फार वेळ झाला नाही तोच जब्दीच्या मुलांची आई उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला आली, आणि उरलेले दहा शिष्य चिडले. म्हणजे बाराही जणांना ती कळली नव्हती. तरी प्रभूने एकालाही मागे ठेवलं नाही. यरीहोवरून यरुशलेमेकडे निघाला, तो त्या बाराही जणांना बरोबर घेऊन.