डब्यावरील दोन अक्षरे



आयुष्यभर शब्दांचे अर्थ सांगत आलेल्या माणसाने तेलाच्या डब्याविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु जनुकपरिवर्तित अन्नाच्या वेष्टनावर काय छापावे, हा वाद मला मुळात शब्दाचाच वाटतो.

2002 मध्ये भारतात बीटी कापसाला अनुमती मिळाली. त्याच कापसाची सरकी आणि सरकीचे तेल. येथे वडोदऱ्यात आपण त्याला कपासिया म्हणतो. 1 जानेवारी 2013 पासून जनुकपरिवर्तित अन्नाच्या वेष्टनावर, वरच्या बाजूस, 'जीएम' ही अक्षरे छापण्याचा नियम लागू झाला. मी भिंग घेऊन घरचा कपासियाचा डबा न्याहाळला. अक्षरे आढळली नाहीत.

शुद्ध केलेल्या तेलात बदललेल्या जनुकाचा मागमूस सहसा उरत नाही. मग नाव कशाला, असे उत्पादक विचारतात. प्रश्न पोकळ नाही. तेलाने अपाय होतो, असे मीही म्हणत नाही. तरी युरोपीय संघाने 2004 पासून अशा तेलालाही कूळ सांगणे भाग पाडले. अमेरिकेत 2022 पासून सक्तीच्या झालेल्या नियमाने मात्र जनुक न सापडणाऱ्या तेलाला सूट दिली, आणि शब्दही बदलला: 'जैवअभियांत्रिकीकृत'! (माझी कवळी येथे अडखळते.)

मी युरोपच्या बाजूचा आहे. तत्सम रूप पुरते झिजले, तरी तद्भव शब्दाचे मूळ आपण वर्गात सांगतोच ना? गिऱ्हाईक त्या अक्षरांना विषाची खूण समजेल, ही भीती खरी आहे. पण त्यासाठी अक्षरे लपवू नयेत, अर्थ शिकवावा. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर डब्याची वरची बाजू वाचा.