शब्दकोशातले वन, नकाशातले वन



साहित्य शिकवणाऱ्याने वनसंपत्ती आणि जमीनवापराच्या नियोजनावर बोलावे, हे काहींना दुसऱ्याच्या कुंपणात शिरल्यासारखे वाटेल. विषय वनखात्याचा, नगरनियोजन खात्याचा आणि वकिलांचा. पण या विषयाच्या मुळाशी एका शब्दाच्या अर्थाचा प्रश्न आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातला 'वन' हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा, मग ती जमीन कोणाच्याही मालकीची असो. देशातल्या सर्वोच्च न्यायासनाने प्रश्न शब्दकोशाकडे पाठवला, आणि शब्दकोश हे तर आपलेच घर आहे.

मात्र आपल्या घरात हा अर्थ सरळ सापडत नाही. देशावरचा शेतकरी 'रानात जातो' म्हणजे शेतावर जातो. आमच्या सत्तरी तालुक्यात रान म्हणजे झाडांनी भरलेला डोंगर. आज दाट झाडीला आपण 'जंगल' म्हणतो, पण आयुर्वेदातला 'जांगल' देश हा कोरडा, विरळ झाडांचा. वन, अरण्य, रान, राई, झाडी हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शब्दाचा अर्थ माणसाच्या जमिनीशी असलेल्या व्यवहारातून येतो. व्यवहार बदलला की अर्थही सरकतो.

प्रशासनाला सरकता अर्थ चालत नाही, त्याला मोजमाप लागते. म्हणून गोव्यात खाजगी वने ओळखण्यासाठी निकष ठरले, आणि सावंत समिती व करापूरकर समिती यांनी पाहणी केली. किमान ५ हेक्टर क्षेत्र, त्यातली ७५ टक्के झाडे वनजातींची, आणि छत्राची घनता ०.४ पेक्षा कमी नसावी, असे ते निकष. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. निकष हवेतच, त्यांच्याशिवाय कोणताही अधिकारी निर्णय घेऊ शकणार नाही. पण मोजमापाने शब्दाची जागा घेतली की काय बाहेर राहते, ते पाहणे आपले काम आहे. ५ हेक्टर म्हणजे सुमारे बारा एकर. देवाच्या नावाने राखलेली एखादी राई दीड-दोन एकरांचीही असते. तिथे कोणी कोयता चालवत नाही, पडलेले लाकूडही घरी नेत नाही. गावाच्या भाषेत तिच्याइतके पक्के वन दुसरे नाही, आणि निकषात मात्र ती बसत नाही.

आता दुसऱ्या कागदाकडे येऊ. गोव्यात जमिनीचा सर्वांना ठाऊक असलेला दाखला म्हणजे एक-चौदाचा उतारा. हा नमुना मराठीतही छापलेला असतो, हे आपण विसरतो. त्यात लागण क्षेत्राचे रकाने आहेत: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. यातले शेवटचे तीन शब्द या मातीतले आहेत. खाडीच्या भरतीपासून बांध घालून आणि मानस बसवून राखलेली ती खाजन. त्याहून वरची मध्यम उंचीची जमीन ती केर. आणि पावसावर पिकणारी, चढावरची ती मोरड. ज्याने हे रकाने आखले, त्याने जमिनीचे पाण्याशी असलेले नाते भाषेतून टिपले. पण वनाला, राईला, सड्याला लागणीच्या या रकान्यांत जागा नाही. ते सारे 'पोटखराब' होण्याच्या वाटेवर असते.

त्याच उताऱ्यावर 'शेताचे नाव' असाही एक रकाना आहे. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांना मी घरचा उतारा आणायला सांगतो आणि हा रकाना मोठ्याने वाचून घेतो. एकदा एका विद्यार्थिनीच्या उताऱ्यावर नाव निघाले 'देवाची राय'. पुढे पिकाचा रकाना कोरा होता. वर्गात कोणी म्हणाले, "जमीन पडीक दिसते." ती शांतपणे म्हणाली, "पडीक नाही सर, राखलेली आहे." पडीक आणि राखलेली या दोन शब्दांत जमीनवापराच्या नियोजनाचा सारा वाद आहे. कोरा रकाना पाहणाऱ्याला पहिला शब्द सुचतो, गावाला दुसरा.

सड्याचेही तसेच. सुर्ल-चोर्ल्याच्या माथ्यावरचा सडा उन्हाळ्यात उघडा, काळा दगड दिसतो. छत्राची घनता मोजायला गेलात तर शून्य. पावसात त्याच दगडावर गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. पण सड्याचे खरे काम डोळ्यांना दिसत नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. सडा पाऊस पितो, आणि ते पाणी पायथ्याशी झर होऊन बाहेर येते. त्या झरीवर कुळागर उभे असते: पोफळी, माड, केळी, मिरवेली. कुळागराखाली शेत, शेताखाली नदी. गावाच्या तोंडी सडा, झर, कुळागर, शेत ही एकच साखळी आहे. नकाशावर त्याचे चार रंग होतात, आणि प्रत्येक रंगाचा निर्णय वेगळा होऊ शकतो. वरचा रंग बदलला तर खालच्याचे पाणी जाते, हे रंगांच्या सूचीत कुठे लिहायचे?

गोव्याच्या प्रादेशिक आराखड्यांचा इतिहास आपणा सर्वांना माहीत आहे. २०११ चा आराखडा २००६ साली अधिसूचित झाला आणि लोकांच्या चळवळीनंतर पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला. २०२१ चा आराखडा करताना मसुदे गावोगाव गेले, ग्रामसभांकडून सूचना मागवल्या गेल्या. ही मोठी गोष्ट होती. पण नकाशा आणि त्याची सूची इंग्रजीत असेल, तर ग्रामसभेत हात वर करणाऱ्याला तो नेमका कशावर हात वर करतो आहे ते कसे कळावे? पुढे २०२३ साली नगरनियोजन कायद्याच्या कलम १७ मध्ये आराखड्यातल्या चुका आणि विसंगती दुरुस्त करण्याची तरतूद आली, आणि त्यावरून न्यायालयात वाद झाले. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मी 'चूक' या शब्दाकडे बोट दाखवतो. चूक कोणाच्या नोंदीशी ताडून ठरवायची? गावाची स्वतःची नोंदच नसेल, तर ताडून पाहायला दुसरा कागद उरत नाही.

इथे एक सावधगिरीही हवी. गावाचे शब्द नेहमी झाडांच्याच बाजूचे असतात असे नाही. कुमेरी हा शब्द घ्या. डोंगरउतारावर फिरती शेती करून नाचणी पिकवणाऱ्या समाजांसाठी कुमेरी म्हणजे पोट. वनखात्याच्या दृष्टीने तीच वनाची हानी. नकाशाने त्या उताराला फक्त 'वन' म्हटले तर माणूस पुसला जातो, फक्त 'शेत' म्हटले तर रान. २००६ च्या वनहक्क कायद्याने या गुंत्याला एक वाट दिली. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवलेले निवेदनही पुरावा मानले आहे. म्हातारीच्या तोंडचे वाक्य कोणी नीट लिहून घेतले तर ते कायद्यासमोर उभे राहते. नीट लिहून घेणे हे काम भाषेच्या विद्यार्थ्याखेरीज कोण करणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या तालुक्यातल्या एकेका गावाची जबाबदारी घ्यावी. राई, झर, सडा, खाजन, कुमेरी यांची स्थानिक नावे, त्या नावांचा गावातला अर्थ, आणि शेजारी सर्व्हे नंबर, अशी नोंद करावी. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, लोकांनी सुधारावी, मगच नोंदवहीत जावी. प्रादेशिक आराखड्याच्या सूचीचा सोपा मराठी अर्थकोशही अकादमीने काढावा. बोली-अभ्यासाचे प्रकल्प आपण दरवर्षी करतोच. त्यांत सर्व्हे नंबराचा एक रकाना वाढवला, की तोच प्रकल्प गावाच्या उपयोगी पडेल.

शब्द नोंदवल्याने डोंगर वाचतोच असे मी म्हणणार नाही. निर्णय अखेर माणसे घेतात, त्यात पैसा असतो, गरजही असते. गावातल्या मुलाला घर बांधायला जागा लागते, हेही खरे आहे. पण निर्णय घेताना समोर काय आहे ते पुऱ्या अर्थाने मांडलेले असावे, एवढा आग्रह भाषेच्या माणसाला धरता येतो. कोऱ्या रकान्यापुढे 'राखलेली' असे लिहिले जावे. पुढे भूरूपांतराचा अर्ज आलाच, तर तो मंजूर करणाऱ्यालाही हा शब्द वाचूनच सही करावी लागेल.