दंडाचे हाड आणि काठाचा टाका



मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापड मोजणारा मनुष्य. तरीही आज दंडाच्या हाडाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. तीन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवरून घसरून माझ्या पत्नीचे हे हाड खांद्यापाशी मोडले. ‘झोळीने नाही का भागणार?’ असे तिने विचारले होते. शस्त्रक्रियेचा आग्रह माझा. स्वस्तातले टिकत नाही, ही आम्हा व्यापाऱ्यांची समजूत!

येथे हाडाचे चार भाग विलग होऊ शकतात: गोल माथा, स्नायुबंध चिकटतात ते थोरला व धाकटा उंचवटा, आणि खालचा दांडा. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी 1970 साली यावरूनच वर्गवारी केली. एक सेंटिमीटरहून अधिक सरकलेला वा 45 अंशांहून अधिक कललेला भागच त्यांनी विलग मानला. न सरकलेल्या अस्थिभंगास झोळी आणि वेळीच सुरू केलेला व्यायाम बहुधा पुरतो. एरवी तारा, हाडाच्या पोकळीतील सळई किंवा पट्टी व स्क्रू हे उपाय आहेत. ‘लॉकिंग’ पट्टीच्या भोकांना आटे असतात. त्यांत स्क्रूचे डोके घट्ट बसते व सारी रचना एकसंध होते.

धातूची पकड ती पक्कीच, असे मला वाटले. परंतु उतारवयात माथ्याचे हाड आतून विरळ होते. पट्टी जागची हलली नाही. माथाच खचला आणि स्क्रूचे टोक सांध्यात शिरले. पत्नीला स्वतःची वेणी घालता येईना. पुन्हा शस्त्रक्रिया करून स्क्रू काढावे लागले.

त्या वेळी दुसऱ्या शल्यविशारदांनी समजावून सांगितले, की अशा हाडात केवळ स्क्रूंवर विसंबू नये. माथ्याला आतल्या, खालच्या कडेने आधार देणारा स्क्रू हवा. शिवाय स्नायुबंधातून जाड दोरे ओवून ते पट्टीला बांधावेत, कारण ठिसूळ हाडाहून स्नायुबंध बळकट असतो. हे मात्र मला तत्काळ उमगले. जीर्ण लुगडे सांधताना टाका विरलेल्या पोतात कोण घालतो? तो काठातच घ्यावा लागतो.

माथ्याचे फारच तुकडे झाले, वा त्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असली, तर वृद्धांत कृत्रिम सांध्याचा विचार होतो. फ्रान्सचे पॉल ग्रामों यांनी 1980 च्या दशकात घडविलेल्या ‘उलट्या’ सांध्यात गोळा खांद्याकडे आणि वाटी दंडाकडे असते.

ब्रिटनमधील 250 रुग्णांचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. हाड सरकलेले असूनही शस्त्रक्रिया आणि झोळी यांच्या परिणामांत दोन वर्षांअखेर लक्षणीय फरक आढळला नाही. सांधा निखळलेले वा उघडी जखम असलेले रुग्ण त्यात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पत्नीच्या प्रश्नाला हे उत्तर होते. मी ते कुणाला विचारलेच नाही.

आता ती वेणी घालते. वरच्या फळीवरचा डबा मात्र मी काढून देतो.