कॅप्टन प्लॅनेट आणि आपली वार्षिक सभा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पर्यावरण आणि आपण’ असा विषय छापला आहे. त्यावर भाषणं आपण भरपूर ऐकली. म्हणून मी आज एका खेळाबद्दल बोलणार आहे. मुलं खूश होतील; ज्येष्ठांनी जरा दम धरावा.

खेळाचं नाव ‘द सिम्स’. कॉम्प्युटरवर खेळतात. तो फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आला, म्हणजे साधारण आपल्या सोसायटीच्याच वयाचा. यात माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरी लावायची, जेवू घालायचं, बिलं भरायची. संसारच तो! हा खेळ रचणाऱ्या विल राइट यांचं अमेरिकेतलं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. पुन्हा संसार उभा करताना माणसाला नेमकं काय काय लागतं, या विचारातून ही कल्पना निघाली.

माझ्या नातीने सुट्टीत या खेळात ‘कॅप्टन प्लॅनेट’ या कार्टूनमधली मंडळी तयार केली. ही १९९० सालची अमेरिकन मालिका. जगाच्या पाच भागांतली पाच मुलं आणि त्यांच्या पाच अंगठ्या: भूमी, अग्नी, वायू, जल आणि हृदय. आपल्या पंचमहाभूतांत आकाश आहे, त्यांच्याकडे त्या जागी हृदय. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मुलाचं नाव मा-ती. मला वाटलं, भूमीची अंगठी याचीच असणार. तर नाही! ती आफ्रिकेच्या क्वामेकडे, मा-तीकडे हृदय. संकट मोठं आलं की पाचही शक्ती एकत्र होतात आणि निळ्या अंगाचा, हिरव्या केसांचा कॅप्टन प्लॅनेट प्रकट होतो. कार्टूनला असं कामाला लावणं आपल्याकडेही झालं आहे. २०२१ मध्ये चाचा चौधरींना ‘नमामि गंगे’चं प्रतीक केलं गेलं.

नातीने नाक-डोळे माऊसने ओढून ओढून सगळे चेहरे जमवले. कॅप्टनला निळा रंगही मिळाला. पण शक्ती मिळाली नाही. खेळातला कॅप्टन उडत नाही. त्याला भूक लागते, झोप येते, विजेचं बिल येतं.

या खेळाचा ‘इको लाइफस्टाइल’ नावाचा भाग २०२० मध्ये आला. त्यातल्या एव्हरग्रीन हार्बर नावाच्या गावात तिने हे बिऱ्हाड थाटलं. धुरकट आभाळ, जागोजागी कचरा. मंडळींनी छतावर सोलर बसवलं, कचऱ्याचं खत केलं. बिल उतरलं, उरलेली वीज विकून चार पैसेही आले. पण आभाळ काही लगेच निवळलं नाही. कारण आभाळाचा रंग एका घरावर नाही, अख्ख्या वस्तीच्या हिशेबावर ठरतो. तो बदलायचा तर शेजाऱ्यांना पटवायचं, फलकावरच्या ठरावाला मतं मिळवायची. म्हणजे आपली सर्वसाधारण सभाच की!

आता आपलं आभाळ बघा. संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर कचरा पेटतो. पेटवणारा एक असतो, धूर मात्र सगळ्यांच्या घरात शिरतो. मे महिन्यात बोअरला धाप लागते. पावसाचं पाणी मात्र आपण छतावरून नालीत आणि नालीतून कयाधूकडे धाडून देतो.

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून थोडा हिशेब मांडतो. हजार चौरस फुटांच्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९३ लिटर पाणी होतं. वर्षाला ८०० मिलिमीटर धरा. ७४ हजार लिटर झाले. त्यातलं थोडं वाया गेलं तरी बाकीचं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जिरवता येतं. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. आपले रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याची मोटर त्यात बसते. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करा, हे तर २०१६ च्या नियमांतच होतं. खतखड्ड्याला मोकळ्या प्लॉटचा एक कोपरा पुरे.

हे तीन ठराव मी सचिवांकडे लेखी दिले आहेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब करायची आणि मग हजर असतील तेवढ्यांत चहा घेऊन उरकायची, ही आपली रीत. दहा जणांनी मंजूर केलेला ठराव बाकीच्यांना आपला वाटत नाही, आणि मग कचऱ्याच्या दोन बादल्यांची पुन्हा एक होते.

आपल्यासाठी कोणी निळा माणूस उडत येणार नाही. तेव्हा सभेला या. घरटी एकाने तरी या. ठरावाच्या विरोधात मत द्यायचं असेल, तरी या.